दरीतला गोटा

जमुनेनं तिसऱ्यांदा गोट्याला हात घातला आणि तिसऱ्यांदा तो जागचा हलला नाही.

"एवढा कायचा राग रे बाबा?" ती म्हणाली. "चाराच मागून राहिली मी. सोनं नाही मागत."

गोटेबाबा म्हणजे या दरीचा देव. चांगल्या मोठ्या टरबुजाएवढा, शेंदरानं माखलेला, तेलानं बुळबुळीत. या दरीतलं गवत, लाकूड, पाणी, काहीही न्यायचं तर आधी त्याला विचारायचं, अशी गावाची रीत. उकिडवं बसून दोन्ही हातांनी उचलायचं. हलका आला तर बाबा हो म्हणाला, जड झाला तर नाही. जमुना लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून बाबानं कोणाला हो म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. एवढाले धोंडे ती वावरातून उचलून धुऱ्याच्या बांधावर टाकत आली होती. पण धोंडा वेगळा आणि देव वेगळा.

मागं पळसाला बांधलेली कपिली हंबरली. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते आणि पाठीचा कणा वर आला होता. सलग तिसऱ्या साली कपाशी गेली होती. चांदूर रेल्वे शहराकडून बातमीवाल्यांच्या गाड्या गावात येत आणि माणसांची विचारपूस करून जात. गायीला काय घालता, हे कोणी विचारत नव्हतं. जमुनेच्या घरचं कुटार, उरलासुरला भुसा, केव्हाच संपलं होतं. छपरावरचं जुनं गवतसुद्धा कपिलीनं खाऊन टाकलं होतं. आणि इथं नाल्याच्या काठानं, ऐन वैशाखात, घोटाभर हिरवं गवत उभं. कोणत्याच जनावराचं तोंड न लागलेलं.

जमुनेच्या मस्तकात तिडीक गेली.

"तुले पोट नाही, म्हणून तुले कळत नाही," तिनं देवाला तोंडावर सांगितलं आणि उठून दावं सोडलं. जन्मात पहिल्यांदा ती देवाच्या शब्दाबाहेर जात होती.

कपिली गवताकडे झेपावली. तोंड लावणार तोच झुडपामागून एक बाई धावत आली आणि तिनं गायीचं शिंग धरलं.

"खाऊ देऊ नको! जमुना, धर तिले!"

ती खुर्शीदबी होती. गावात भांड्यांना कलई करणाऱ्या वाहेदची बायको, केस पांढरे झालेली. जमुनेनं घाबरून दावं ओढलं, गाय पुन्हा पळसाला बांधली, आणि मग तिचं लक्ष गेलं. खुर्शीदबीच्या दुसऱ्या हातात डबी होती. डबीत तेलात कालवलेला शेंदूर.

"चाची, तुमी? गोटेबाबाले शेंदूर?"

चोरी पकडली जावी तसा खुर्शीदबीचा चेहरा झाला. पण गायीचं वाढलेलं पोट पाहून तिनं काय ते ठरवलं. ती गोट्याजवळ बसली, बटव्यातून अडकित्ता काढला आणि त्याच्या टोकानं शेंदूर खरवडला. आत दगड नव्हता. चकचकीत पांढरा धातू होता.

"शिसं हाय हे. दगडाच्या चौपट जड, कोणाच्यानं उचलत नाही," ती म्हणाली. "माह्या आजेसासऱ्यानं ओतलं."

तिनं नाल्यापलीकडे बोट दाखवलं. काचेसारखे काळे खडे, फुटक्या मुशी, भाजून लाल झालेली माती. गाव त्याला राक्षसाची चूल म्हणे. राक्षस वगैरे कोणी नव्हता. वाहेदचा आजा होता. रेल्वेनं आलेलं मोडकं शिसं या जंगलातल्या कोळशावर गाळायचा, शिकाऱ्यांना छर्रे आणि मासे धरणाऱ्या भोयांना जाळ्याची वजनं करून द्यायचा.

"त्याचा धूर बसला या मातीत. पयले आमचेच बैल गेले. तोंडाले फेस, डोये गेले, भिंतीले टकरा देऊ देऊ मेले. बुढ्यानं भट्टी मोडली. गावाले सांगे, इथं चारू नका. लोक म्हणे, याले गवत एकट्याले पायजे. अजून जनावरं मेली. माणसाचं कोणी आयकेना, तवा त्यानं उरलंसुरलं शिसं एकाजागी ओतलं, वरून शेंदूर लावला अन् इथं ठेवून दिलं. तवापासून एक जनावर मेलं नाही."

"अन् हा शेंदूर?"

"आमीच लावतो. उतरला त शिसं दिसन. माही सासू म्हणे, काहून लावतो ते अल्लाले ठाऊक हाय."

जमुना गोट्याकडे वळली. या गोट्याला तिनं किती शिव्याशाप दिले होते. तिनं कपिलीच्या पोटाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

"रडू नको," खुर्शीदबी म्हणाली. "माह्याकडं शेळ्याइच्या वाटचं कुटार हाय. गाय वियेपर्यंत नेत जाय."

तेवढ्यात उतारावर घुंगरं वाजली. गावातला सूर्यभान आपली खंगलेली बैलजोडी घेऊन खाली येत होता. खुर्शीदबी उठून झुडपाआड झाली. डबी मात्र जमुनेनं तिच्या हातातून काढून घेतली होती. खरवडलेल्या जागेवर तिनं बोटानं शेंदूर फासला, चांगला जाड, आणि डबी पदराआड घेतली.

"वयनी, काय म्हणे बाबा?" सूर्यभाननं विचारलं. त्याचे बैल गवताकडे पाहत होते आणि तोही.

"नाही म्हणे," जमुना म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्या गोट्याला मनापासून हात जोडले.