सात गुण

कोणाचीही पत्रिका जुळवली तरी संगणक छत्तीसपैकी सातच गुण दाखवायचा. एका आठवड्यात तीन स्थळांना नकार कळवून झाल्यावर दामलेगुरुजींना शंका आली.

दुरुस्तीला आलेली तनया म्हणाली, "वीज गेली तेव्हा पत्रिकेच्या प्रोग्रॅमच्या फायली खराब झाल्यात, गुरुजी. नव्यानं टाकते."

टाकल्यावर तीच तीन स्थळं पुन्हा जुळवली. चोवीस, एकोणीस, एकतीस. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मग खात्रीसाठी त्यांनी स्वतःची आणि बायकोची पत्रिका घातली. वडिलांनी स्वतः मांडून काढलेले बत्तीस गुण ते चाळीस वर्षं साऱ्या गावाला सांगत आले होते.

पडद्यावर सात आले.

"अजून बिघाड आहे गं यात!"

"मग बाकीचे बरोबर कसे आले?" तनयालाही कळेना.

गुरुजींनी चष्मा पुसला, जन्मवेळा तपासल्या, पुन्हा आकडे घातले. सातच.

चहा घेऊन आलेली बायको पडद्याकडे बघून हसली. "बरोबर आहे ते. मला बघायला आले तेव्हाच मामंजींनी सांगितलं होतं. म्हणाले, सातच जुळतात, पण सून म्हणून मला तूच हवीस. त्याला मात्र सांगू नकोस."