पडद्याआडचा हात

"मॅडम, पडदा मी सोता उभं राहून बांधून घेतलाय. पलीकडं मांजर बसलं तरी दिसायचं न्हाई," साहेबराव म्हणाले.

तनुजा मॅडम हसल्या. पडदा मंडपवाल्याकडचा होता, लाल मखमली, खाली सोनेरी झालर. पडद्यामागे पियानो आणि तीन उमेदवार. नावं नाहीत, नुसते नंबर. पावलांवरून कुणी ओळखू नये म्हणून चपलासुद्धा दाराबाहेर काढायला लावलेल्या.

तळवड्यात साहेबरावांची नवी शाळा निघत होती. पियानो शिकवायला जागा एकच.

"गावात आधीच बोंब हाय, मॅडमची भाचीच लागणार म्हणून. तवा तुमी ऐकायचं, मार्क टाकायचे, सही ठोकायची. मंगच पडदा उघडणार. सही झाल्यावर खाडाखोड न्हाई."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या, बांधा, साहेबराव, हवे तेवढे पडदे बांधा.

तरुणपणी त्यांनी मोठमोठे हॉल गाजवले होते. मग थेरगावात क्लास काढला. तीस वर्षांत शेकडो पोरांची बोटं त्यांच्या नजरेखालून गेली. चार सूर ऐकले की मॅडम माणूस सांगायच्या. पैज लावून सांगायच्या. आख्ख्या चिंचवडला ते ठाऊक होतं.

भाची हर्षाली तर दहाव्या वर्षापासून त्यांच्याच शेजारी बसून शिकलेली. तिच्या वडिलांची चाकणची कंपनी बंद पडली होती. घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं. ही नोकरी पोरीला मिळायलाच हवी होती.

आडवा येणारा एकच, बंटी. आठ वर्षं शिकला, मग लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला लागला म्हणून मॅडमनी हाकललेला. डावा हात असा आपटायचा की वाटावं, कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकतोय. तरी लोक माना डोलवायचे. भीती तीच होती.

"नंबर एक!" साहेबराव ओरडले.

पहिल्या ओळीलाच मॅडमचा जीव भांड्यात पडला. हलका हात. ओळ संपताना मनगट उचलून सूर हवेत सोडायचा, ती तर त्यांचीच लकब. माझी पोर! त्यांनी शहाण्णव लिहिले. शंभर लिहिले असते, पण ते दिसलं असतं.

नंबर दोन म्हणजे अर्जांतला तो राजगुरुनगरचा असणार; मधेच अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून पुन्हा तिथेच अडला. पन्नास.

नंबर तीन.

धाडकन डावा हात पडला. आला ठोकपीट्या! मॅडमनी पेन घट्ट धरलं. पण सूर चढत गेले तसा साहेबरावांचा पाय ठेका धरायला लागला. दारातला शिपाईसुद्धा चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मॅडमच्या अंगावर काटा आला. नव्वदच्या खाली द्यायचं म्हणजे पाप होतं.

त्यांनी डोळे मिटले. हर्षालीचं घर आठवलं.

अडतीस.

"आँ?" साहेबरावांनी कागदात डोकावलं. "मला तर लई ग्वाड लागलं, राव!"

"तुम्हाला गणपतीतला डीजेपण गोड लागतो, साहेबराव."

"त्ये बी खरंच. पण पक्कं ना? एकदा सही झाली की..."

"पक्कं." मॅडमनी सही ठोकली.

साहेबरावांनी घसा खाकरून मार्क वाचले. "नंबर एक लागला कामाला! वढ रं दोरी!"

पडदा सरकला. पहिल्या खुर्चीवरून बंटी उठला, तडक येऊन मॅडमच्या पाया पडला. "माफी असावी, मॅडम. परीक्षक तुम्ही म्हटल्यावर आज तुमच्याच हाताची नक्कल मारली."

मॅडमना पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. त्यांची नजर तिसऱ्या खुर्चीवर खिळली होती. तिथून उठून हर्षाली हळूहळू जवळ आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"मावशी, कुणी वशिला म्हणायला नको, तू मला ओळखायलाच नको, म्हणून मुद्दाम बंटीदादासारखं वाजवलं. एवढं वाईट वाजलं का गं?"