कोसमटोल्याची लाइन

TZOQ^ F[Oe5\

पडद्यावर अशा एकशे बारा ओळी होत्या. तबस्सुमनं तिसऱ्यांदा फॉन्ट बदलून पाहिला. ओळी तशाच राहिल्या.

“हे इंग्रजी होय का?” नीलाबाईनं विचारलं.

“नाई बाई. तुमच्याच गावचे नावं आहेत. येता येता बिघडले.”

कोसमटोल्यात महिन्यापूर्वी सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. रक्ताच्या नळ्या नागपूरला गेल्या. निकाल तिथल्या एका जुन्या मशीनवर मराठीत टाइप झाले आणि ई-मेलनं सिंदेवाहीला, तबस्सुमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आले, कारण रुग्णालयात २००१ साल उजाडलं तरी इंटरनेट आलं नव्हतं. त्या मशीनची मराठी या मशीनला कळत नव्हती. त्यात मेलनं वाटेत प्रत्येक अक्षराचा एक कोपरा कापून टाकला होता. छापील कागद टपालानं यायला आठ दिवस लागणार होते.

दीपालीची सगाई परवा.

दीपाली नीलाबाईची लेक. तिला पाहून गेलेला सुनिल वाहक होता, हे गेल्याच वर्षी कळलं होतं. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. दोघंही वाहक निघाले तर मात्र पोराला आजार होऊ शकतो. सुनिलची बहीण त्याच आजारानं, गुडघे पोटाशी धरून, अकराव्या वर्षी गेली होती. “पोरगी चांगली आहे. पण कागद पाहू द्या,” एवढंच सुनिलचा बाप म्हणाला होता. आता तो बाहेर सायकलीला टेकून उभा होता. आत नर्स आशाबाई नीलाबाईला घेऊन बसली होती.

तबस्सुमनं नावं सोडली आणि दुसरा रकाना धरला. तिथं तीनच शब्द पुन्हा पुन्हा येत होते. सगळ्यांत जास्त आलेला ‘निरोगी’ असणार. त्याहून कमी आलेला TZX3, तो ‘वाहक’. म्हणजे T हा व. Z हा काना. ‘निरोगी’तला O हा र. तिनं सगळ्या फाइलमध्ये एकदम बदल केला.

वारQ^ निरोगी

“वार... वारनं कोणाचं नाव सुरू होते, बाई?”

“वारलू!” नीलाबाई हसली. “सगळ्यात पुढी तोच होता. उजाडलं तसा जाऊन बसला, जशी काई बुंदी वाटून राह्यले.”

“त्याच्या मांगं कोण?”

नीलाबाईनं डोळे मिटले. “जंगू. मंग बिरजू, त्याचा भाऊ. मंग बुधरी, पोरगं कडेवर घेऊन.”

“सारी लाइन पाठ हाये तुले?” आशाबाईनं विचारलं.

“तिथीच होती ना मी. दोन घंटे. समोरच्याची पाठ पाहून राह्यली होती.”

ती एकेक नाव सांगत गेली. तबस्सुम एकेक खूण बदलत गेली. ल सापडला. ग आधीच होता, त्याला ज मिळाला. एक खूण बदलली की खाली वीस ओळींमध्ये तेच अक्षर उगवायचं. कुठं अर्धं नाव, कुठं पाव. तबस्सुमला चेव चढला. ताळा करायला ती मोठ्यानं वाचू लागली.

“जंगू, निरोगी. बिरजू, वाहक. बुधरी...”

“अवो मॅडम, गावभर दवंडी देता का आता?” आशाबाईनं तिला दटावलं. “लोकायचे निकाल आहेत ते.”

तबस्सुमनं जीभ चावली आणि दुसऱ्या रकान्यावर वही आडवी धरली.

नीलाबाईचे डोळे उघडले होते.

“जंगू आन् बिरजू एका मायचे आहेत,” ती म्हणाली.

“मंग?” आशाबाईनं विचारलं.

“मंग रक्त अलग कसं?”

“एका घरात राहून अलग असू शकते, बाई. ज्याचं त्याचं. म्हणून तं एकेकाचं घेतलं.”

पंखा फिरत होता. तबस्सुमची बोटं कळांवर थांबली होती.

“बुधरीच्या मांगं कोण, बाई?”

“धुरपता.”

धुरपतानं प दिला, त दिला.

“आन् तिच्या मांगं?”

नीलाबाईनं आडव्या धरलेल्या वहीकडं पाहिलं.

“दीपाली,” ती हळूच म्हणाली.

Dीपाली

एकच खूण उरली होती. तबस्सुमनं ती बदलली, वही बाजूला केली आणि आशाबाईला बोटानं दाखवलं. आशाबाई खुर्चीतून उठलीच.

“निरोगी! नीलाबाई, निरोगी आहे तुही पोरगी. बोलव त्या सुनिलच्या बापाले, सांग पेढे आणाले.”

प्रिंटर करकरला. तबस्सुमनं तेवढी एक ओळ वेगळ्या कागदावर काढली होती. आशाबाईनं खाली सही केली, पर्समधून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, उमटवला. कागद पुढं केला.

नीलाबाईनं हात पुढं केला नाही. दारातून सुनिलच्या बापाची पाठ दिसत होती. तिकडं तिनं एकदा पाहिलं.

“सिस्टरबाई, दीपाली त्या दिशी रानात गेली होती. नाव पुकारलं तं तिच्या कार्डावर मी उभी झाली. रेशनच्या लाइनीत होतो तशी. आमच्यात घरचं कोनीबी चालते. मले वाटलं, रक्तालेबी चालते.”

आशाबाईच्या हातातला कागद तसाच राहिला.

“सुई मले टोचली, बाई. पोरीचं रक्त अजून पोरीतच हाये.”