बंद न पडणारी चक्की

डोंगरावरची एखादी पवनचक्की बंद पडली की गरुफालिया म्हातारीची कळी खुलते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे जुन्या काढून नव्या बसवल्या, तेव्हा कॉफीच्या दुकानात सरपंच अनेस्तिसने मुद्दाम तिलाच डिवचलं, "आता कितीही बोटं मोड, आजी! सगळ्या ग्रीसभर अशाच येणार आहेत. बिघडल्या, तरी तिकडे अथेन्समध्ये बसूनच दुरुस्त करतात."

"म्हणजे इथं कुणी येणारच नाही?"

"कशाला येईल?"

"बरं झालं बाबा," ती थकल्या आवाजात म्हणाली.

घरी येऊन तिने भात भरून डोलमे करायला खारवलेल्या द्राक्षाच्या पानांची बरणी फडताळात मागे सारली. चक्की दुरुस्त करायला आला, तरच तिच्या थिमिओसला आईचं घर वाटेत लागायचं.