पोचपावती

मांडीवरच्या तान्हीला थोपटत उर्मिलानं विचारलं, “बिल हाती आलंच नाही, तर हप्ता चुकला कसा? रिक्षा का उचललीत?”

कर्जकंपनीच्या साहेबांनी पोचपावती पुढे सरकवली. “वहिनी, मुदतीच्या पंधरा दिवस आधी बिल पोचवलंय. नियम तेवढाच. ही मिस्टरांची सही.”

पावतीवर नवरा गेला त्याच दिवसाची तारीख होती. सकाळी सही केली आणि दुपारी छातीत कळ आली. सहीखाली त्याची नेहमीची लांब रेघ होती.

साहेबांनी आवाज खाली आणला. “ही त्यांची नाही म्हणालात, तर बिल पोचलंच नाही असं धरता येईल. रिक्षा सुटेल, दीर चालवतील.”

उर्मिलानं रेघेवरून बोट फिरवलं.

“त्यांची नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी पावती फाडली, तेव्हा तिनं तान्हीचे कान झाकून घेतले.