हरवलात तर

"हरवलात तर काय करायचं?" टेगननं मुलांना विचारलं.

"गाडी सोडायची नाही," कूपरनं चित्रातून मान वर न करता उत्तर दिलं. तो आठ वर्षांचा होता. ब्रिस्बेनपासून दिवसभराच्या वाटेवरच्या त्या उजाड मुलखात पोर बोलायला लागलं, की हे आधी शिकवतात. माळावर गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबायचं. थांबलेला माणूस सापडतो, चालत सुटलेला सापडत नाही.

"ब्रिस्बेनला नदीकाठी कुठली गाडी धरून बसणार आहेस? तिथं नुसती माणसंच माणसं."

टेबलाच्या पलीकडे ब्रेट लॅपटॉप उघडून बसला होता. सप्टेंबरच्या सुट्टीत आठवडाभर राहायला त्यानं नदीजवळचं एक घर शोधलं होतं. गॅलरीतून जत्रेतल्यासारखा मोठा पाळणा दिसतो आणि खाली पोहायचा तलाव आहे, म्हणून स्वारी खूश होती. "सुट्टीला चाललोय की लढाईला?" त्यानं बायकोला विचारलं.

"तू तुझं बघ," टेगन म्हणाली. प्रवास, खोल्या, खाणं हे सगळं तिनं त्याच्यावर सोपवलं होतं. तिच्या जिवाला घोर एकच होता. गावात घोड्यांच्या शर्यतीला जमते त्याहून मोठी गर्दी चार वर्षांच्या पिपानं पाहिली नव्हती, आणि ती हात सोडून पळण्यात पटाईत. चौघांनी जायचं आणि चौघांनीच परत यायचं, बाकी काही तिला नको होतं.

"नीट ऐका. हरवलं, की लहान मुलं बरोबर असलेली एखादी बाई शोधायची. तिला सांगायचं, माझी आई सापडत नाही."

"मी तसंच केलं होतं," पिपा म्हणाली. ती टोस्टला फासलेलं काळं, खारट व्हेजिमाइट चाटत होती.

"कधी गं?"

"ब्रिस्बेनला. झोपाळ्यांपाशी."

"तू कुठं आलीयस ब्रिस्बेनला? कूपरच्या कानाचं ऑपरेशन होतं तेव्हा आम्ही तिघंच गेलो होतो. तू नव्हतीस."

"जाताना नव्हते. येताना होते."

"घ्या," ब्रेट हसला. "ही वकील होणार."

टेगनलाही हसू आलं. पिपाच्या गोष्टी तिला आवडत, म्हणून तिनं पुढं विचारलं, "मग त्या बाईनं काय केलं?"

"पाणी दिलं. माझ्या पायात एकच चप्पल होती ना, म्हणून उचलून घेतलं."

"आणि मग?"

"मग घरी आणलं." पिपानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तूच ना ती."

ब्रेट पुन्हा हसला, पण जरा उशिरानं.

"गाडीतली माझी खुर्ची दिली होती तिला," कूपर आपल्या चित्रात रंग भरत म्हणाला. "मला मधे बसायला लागलं. वाटेत रोमा गाव येईपर्यंत रडत होती, मग झोपली."

"कूपर, उगाच तिला चढवू नकोस."

"मी कुठं चढवतोय? तूच म्हणालीस, हिला त्रास द्यायचा नाही, ही आता आपली आहे."

पिपाचा जन्म टेगनला आठवत होता. तिनं आठवून पाहिला तेव्हा मात्र दवाखान्याची खिडकी कूपरच्या वेळची निघाली, नर्सही त्याच वेळची. दोन्ही मुलं सिझेरियनची आणि पोटावर व्रण एकच. दुसऱ्या वेळीही डॉक्टर तिथंच कापतात, हे तिला ठाऊक होतं. तरी हात पोटाकडं गेलाच.

"ब्रेट?"

"पोरं आहेत. काहीही बोलतात." त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही.

टेगननं खुर्ची पुढं ओढली आणि पिपाचे चिकट हात आपल्या हातांत घेतले. तिला भीती वाटत होती, आणि ती मुलांना दिसू द्यायची नव्हती. "त्या बाईचं मघाशी सांगितलं ना, ते विसरा. कुठल्याच बाईकडं जायचं नाही. कुणी पाणी दिलं, कुणी उचलायला आलं, तरी जायचं नाही. हात सुटला तिथंच उभं राहायचं. आपली आई शोधत येते."

"खूप वेळ लागला तर?" पिपानं विचारलं.

"लागू दे. ती येतेच."

"अंधार पडला तरी?"

"अंधार पडला तरी येते. आई कधी तशी सोडून जाते का?"

पिपा विचारात पडली. एवढ्याशा कपाळावर आठी उमटली आणि हळूहळू विरली. "म्हणजे मागच्या वेळी माझं चुकलं," ती म्हणाली. "मी थांबायला पाहिजे होतं."

"झालं बुकिंग," ब्रेटनं लॅपटॉप मिटला. "आता माघार नाही."

पिपा खुर्चीवरून उतरली, टेगनच्या मांडीवर चढली आणि तिनं तिच्या गळ्यात हात टाकले. इतक्या मायेनं ती एरवी कुणाला बिलगत नसे.

"ह्या वेळी मी बरोबर करीन," ती टेगनच्या कानाशी म्हणाली. "आई येईपर्यंत झोपाळ्यांपाशीच उभी राहीन. तू हाक मारलीस ना, तरी हलणार नाही."