पहिला चेहरा

हिरवा चौकोन पुन्हा पळाला.

अप्पारावांनी बटण अर्धं दाबून धरलं होतं. समोर नवरी होती, हातात हार होता, उजेड बरोबर पडला होता. फोकसचा चौकोन तिच्या डोळ्यावर बसायला हवा होता. तो तिच्या खांद्यावरून मागे गेला आणि मंगल कार्यालयाच्या खांबाआडून बघणाऱ्या एका बाईच्या तोंडावर जाऊन थांबला.

फुलंब्रीच्या त्या कार्यालयात सकाळपासून हेच चाललं होतं. व्हिडिओवर टाकलं तरी तेच. मागची बाई लख्ख, पुढची नवरी धूसर. अप्पारावांची कंबर भरून आली होती. चिडायलाही अंगात जोर उरला नव्हता.

जुना कॅमेरा ते डोळे मिटून चालवत. पण गिऱ्हाइकं आता फोटो आणि व्हिडिओ एकाच माणसाकडे मागत होती. हा हंगाम हातचा गेला, तर पुढच्या हंगामात कुणी बोलावणार नव्हतं. म्हणून त्यांनी नवा मिररलेस कॅमेरा घेतला, आणि क्रांती चौकाजवळच्या दुकानात रोज संध्याकाळी शिकायला जाऊन बसले. शिकवायला ज्ञानेश्वरी होती. फोटोच्या सेटिंग वेगळ्या, व्हिडिओच्या वेगळ्या; मेनूची पानं संपत नसत. आज शिकलेलं ते उद्या विसरत. ती पुन्हा पहिल्यापासून सांगे. चेहरे नोंदवायची सोयही तिनंच दाखवली. नोंदवलेला चेहरा गर्दीत दिसला, की कॅमेरा बाकीच्यांना सोडून त्यालाच धरतो; नोंदवलेले दोघं असले, तर आधी पहिल्या नंबराला.

आजची नवरी तीच होती. स्वतःचा चेहरा नोंदवून ठेवायचं काम अप्पारावांनी तिच्यावरच सोपवलं होतं.

खांबाजवळच्या बाईची साडी फिकट होती, कपाळ मोकळं होतं, हातात पाण्याचा जग होता. अशा बायकांसाठी अप्पारावांचं एक वाक्य ठरलेलं होतं. तीस वर्षं ते म्हणत आले होते. आवाज चढवावा लागत नसे.

“मावशी, जरा बाजूला व्हा.”

बाई लगेच सरकली. सकाळपासून ती तिसऱ्यांदा सरकली होती. चौकोनही तिच्यामागे सरकला.

कन्यादानाला मामा-मामी बसले. ते उरकल्यावर नवरी साडी बदलायला आत गेली. ती बाहेर येताच अप्पारावांनी तिला दारातच गाठलं.

“पोरी, खराब डबा दिला तुझ्या दुकानानं.”

“डबा म्हणू नका, काका. त्याला राग येतो.”

“आलाय आधीच. सकाळपासून माझं ऐकंना.”

त्यांनी मेनू उघडला. नोंदवलेले चेहरे दोन होते. दुसरा ज्ञानेश्वरीचा. पहिला खांबाजवळच्या बाईचा.

“क्रम चुकला की तुझा,” अप्पाराव म्हणाले. “ही कोण पहिल्या नंबरावर?”

“माय हाय माझी.”

अप्पारावांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं.

“चुकला नाय, काका. बस्त्याला आलो तवा तिला दुकानात नेलं होतं. मशीन तपासायचीय, इकडं बघ, म्हणले. फोटो म्हणले असते, तर तिनं तोंडावर पदर घेतला असता. बाबा गेल्यापासून तिचा एकबी फोटो नाय.” ज्ञानेश्वरीनं बाहेर मांडवाकडे पाहिलं. “ती आज पुढं येणार नाय, मला ठावं होतं. कुणी येऊबी देणार नाय. तुम्ही तिला बाजूला करणार, तेबी ठावं होतं. कॅमेऱ्याला तेवढं कुणी शिकवलेलं नाय.”

“आणि तुझे फोटो?”

“धूसर आले तरी चालतील.”

तिला हाक आली. ती गेली. क्रम बदलायला एक बटण पुरे होतं. अप्पारावांचा अंगठा त्यावर थोडा वेळ राहिला. मग त्यांनी मेनू बंद केला.

मंगळसूत्राच्या वेळी सगळे दाटीनं उभे राहिले. नवरीचे मामा, हनुमानराव, फेटा सावरत नेमके खांबापुढे आले. त्यांच्यामागे खांबही दिसेना आणि नवरीची माय, सारजाबाईही दिसेनात. अप्पारावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन नवरीच्या डोळ्यावर जाऊन बसला. हलला नाही. सकाळपासून त्यांना हवा होता तो फोटो समोर तयार होता.

“ओ फोटोवाले, घ्या की,” हनुमानराव ओरडले. “आता काय मुहूर्त बघता का?”

अप्पारावांनी बटणावरचं बोट उचललं.

“मामा,” ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “जरा बाजूला व्हा.”